पांढऱ्याचा लाल

नाही कसं जमत, डॉन फ्रुक्तुओसो? अख्ख्या फेरोल बंदरातल्या आरमाराची पदकं तुम्ही उजळता, अन् आमच्याच क्रॉसपाशी तुमचे हात अडतात होय? पांढरा आहे, लाल करायचा. वरचा पांढरा मिना खरवडा, फीत बदला, काय ते तुमचं तुम्ही बघा — उद्या कार्मेन मातेची मिरवणूक. आमच्या ह्यांनी लाल लावून चाललंच पाहिजे.

नियम? नियम मला नका शिकवू! राणीसाहेबांनी हा क्रॉस काढला त्याला तेहेतीस वर्षं झाली — लाल लढाईत पराक्रम गाजवणाऱ्याला, पांढरा बाकीच्या चांगल्या कामाला. पोरासोरांना पाठ आहे. म्हणून तर आले! क्युबात जहाजावर गोळे पडत होते तेव्हा बेनिग्नो खाली बॉयलरपाशी होते. वाफेनं हात सोलले, कान कायमचे गेले — ही लढाई नाही, मग काय भाकऱ्या भाजणं? आणि गुत्त्यातले ते रिकामटेकडे, हे दिसले की हवेत टाक चालवून दाखवतात — दौतबहाद्दर! पांढरा कारकुनांनाही मिळतो ना! ऐकू येत नसलं तरी डोळे आहेत हो माणसाला. हिवाळ्यापासून घराबाहेर नाहीत. आज ओढून आणलेत, ते बघा, रस्त्यापलीकडे भिंतीशी उभे. एकच घोकतात — कॅप्टननं मरण्याआधी मला भित्र्यांत काढलं.

नाही काढलं कॅप्टननं. मला कसं माहीत? आहे माहीत. कॅप्टन तर बिचारे काही न लिहिताच जहाजाबरोबर गेले, म्हणून आरमाराचा कागद आमच्या घरी आला — लढाईत काय केलंत ते लिहा. ह्यांचे हात फडक्यांत गुंडाळलेले. मी विचारलं, काय लिहू? म्हणाले, काय लिहायचंय, रोजचं काम केलं. आणि मी अतिशहाणी! आपल्या माणसाची फुशारकी आपणच कशी मारायची? लिहिलं तसंच. रोजचं काम केलं. वळणदार अक्षरात! मग पांढरा नाही तर काय येणार?

असे बघू नका माझ्याकडे. नाही सांगितलं त्यांना. त्यांना काही सांगायचं म्हणजे गळा फाडून ओरडावं लागतं, साऱ्या आळीला कळतं — लाज वाटते मला, लाज!

काय म्हणालात? लाल करून दिला तरी ते लावतील का?

...नाही. नाही लावायचे. खोटं अंगावर मिरवणारा माणूसच नव्हे तो.

द्या इकडे. राहू दे पांढराच. बांधून नको, असाच द्या. आणि ते दार उघडा — सताड उघडा. ऐकू दे ज्याला ऐकायचंय त्याला.

बेनिग्नो! अहो, बेनिग्नो! कॅप्टननं नाही — मी! तो कागद मी लिहिला होता!