मामांची डरकाळी

हट्टी माणूस बघायचाय? माझ्या मामांना भेटा. मी राक्षस-जादूगारांचा एक कॉम्प्युटर गेम बनवत होतो, त्यातल्या जंगलाला मला खऱ्याच पाखरांचे आवाज हवे होते. विकतचे आवाज वापरायचे नाहीत, हे माझं ठरलेलं. म्हणून निफाडला मामांच्या द्राक्षबागेत माईक लावून बसलो. पाखरं जरा रंगात आली की मामा पत्र्याचा डबा बडवत ओरडायचे, "हाऽऽ हुर्रऽऽ!"

"मामा, दहा मिनिटं बसू द्या ना त्यांना!"

"माल तोडणीला आलाय. त्यांचं गाणं ऐकत बसलो तर घडाला नुसते देठ उरतील!"

रोज जायचो, रोज तेच. पण मीही त्यांचाच भाचा. तेच रेकॉर्डिंग गेममध्ये घातलं. जंगलात किलबिल चालू असते, राक्षस डरकाळी फोडतो आणि सगळी पाखरं भुर्रकन उडतात. डरकाळी मामांचीच, मी फक्त आवाज जाड केला.

गेम झाल्यावर मामांना दाखवला. त्यांनी स्वतःचा आवाज ओळखलाच नाही. राक्षसाकडे टक लावून बघत म्हणाले, "गडी लय कामाचा हाय. बागेवर रोजानं येतो का, विचार."