गुणगुण काढलेला संच

जबाब देणार: सत्यशीला माणिकराव दुधाटे, वय ६६ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त शिक्षिका (भौतिकशास्त्र), रा. पूर्णा, जि. परभणी.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, माझ्याकडे हौशी रेडिओचा सरकारी परवाना एकतीस वर्षांपासून आहे. चुडाव्याच्या पाण्याच्या टाकीवर आमचा रिपीटर आहे. दूरच्या रेडिओ संचाचे बोलणे ऐकून तो जोराने पुढे पाठवतो. भलत्यांच्या बडबडीने तो उघडू नये म्हणून आमच्या प्रत्येक संचात टोन एन्कोडर ही छोटी पट्टी असते. ती बोलण्याखाली बारीक गुणगुण सोडते. गुणगुण पोहोचली तरच रिपीटर उघडतो.

दि. ४ सप्टेंबर रोजी दुपारी नदीला पाणी चढले. पूर मदत मंडळाने रुपाली हिला संच देऊन नदीकाठच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, बसवले होते. ती परवानाधारक असून माझी विद्यार्थिनी आहे. ३.१० वाजता तिला मेंढपाळ सटवाजी व त्यांची पत्नी केवळाबाई मेंढरांसह पात्रातल्या उंचवट्यावर अडकलेले दिसले. मोबाईलला रेंज नव्हती. तिने संचावरून बोट मागितली. अकरा हाका तिच्या वहीत वेळेसह लिहिलेल्या आहेत. मी पूर्णा येथे बोटीशेजारी संच कानाला लावून बसले होते. मला एकही आली नाही. ३.५० ला ती धावत रस्त्यावर गेली व मोटारसायकलवाल्याकडे निरोप दिला. बोट ४.३५ ला पोहोचली. सटवाजी बाभळीवर होते. केवळाबाई तिसऱ्या दिवशी मृत सापडल्या.

मंडळाचे अध्यक्ष रामप्रसाद यांनी "मुलीने संच चालूच केला नाही" असे लेखी दिले आहे. हे धादांत खोटे आहे. काल ठाण्यातच हवालदारांसमोर मी तो संच उघडला. टोनची तार मूळ जागेवरून काढून माईकला जोडलेली होती. माईकच्या पुढचा भाग खालचे सूर गाळून टाकतो. बोलणे बाहेर जात होते, गुणगुण आतच राहत होती.

पुराआधी हा संच दुरुस्त करणारे भागवत एरवी लग्नाचे लाऊडस्पीकर दुरुस्त करतात. त्यांनी सांगितले, "बाई, आमच्या धंद्यात गुणगुण म्हंजे खराबी. तार तोडली न्हाई, निस्ती जागा बदलली. लय साफ आवाज करून दिला व्हता."

तपासला कोणी, असे मी विचारले. "अध्यक्षसाहेबांनी. दोन संच टेबलावर ठिवून हॅलो हॅलो केलं. चांगलं ऐकू आलं की."

टेबलावरचे दोन संच एकमेकांना थेट ऐकतात, त्यांना रिपीटर लागत नाही. दुरुस्तीनंतर प्रत्येक संच रिपीटरवरूनच तपासावा, असे मी जूनमध्ये अध्यक्षांना लेखी कळवले होते. त्यावर ते चारचौघांत म्हणाले, "मॅडम, शाळा सुटली आता." भागवत यांना जे ठाऊक होते ते त्यांनी केले. अध्यक्षांना कळवलेले होते.

हवालदारांसमोर तार मूळ जागी लावून मी एक हाक दिली. रिपीटर लगेच उघडला.

रुपालीची आई राजेश्री हिला नळावर बाया पाणी भरू देत नाहीत. रुपाली पाच दिवस जेवणापुरतीही खोलीबाहेर आलेली नाही. तिच्यावरील ठपका लेखीच काढावा, तोंडी नको.

हा जबाब मला वाचून दाखवला. "मुलगी घाबरून बोलली नसावी" असे वाक्य मी न सांगता त्यात आले होते. ते मी खोडायला लावून तेथे सही केली आहे. उरलेला मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम व खरा आहे.