पहिल्या नंबरचं गाणं

आमच्या रेडिओवर रिना डोंगरे दर रविवारी श्रोत्यांच्या कार्डांवरून दहा आवडती गाणी क्रमाने सांगते. गावोगाव पत्रं पाठवताना तिने माझंही आवडतं गाणं विचारलं होतं. माझ्या आवडीचं कोणाला काय, म्हणून मी उत्तर दिलं नाही. परवा अहेरीच्या बसस्थानकात ती आणि रेडिओचे प्रफुलभाऊ माझ्या मागेच बसले होते; दोघांना मी आवाजावरूनच ओळखलं.

"रिना, पहिल्या नंबरवर गोंडी नाचाचं रेला गाणं? त्याची रेकॉर्ड तरी आहे काय?"

"बाजारात बायांकडून म्हणवून टेप करून घेतलं, भाऊ. सगळ्यात जास्त कार्डं त्याचीच आहेत."

"आता मोबाइलवर किती वेळा वाजलं, ते मोजतेत."

"ज्या गावात टावर नाई, तिथले लोक गाणे आयकत नाई काय?"

"वरून यादी आली. तीच वाच."

"तुमीच वाचा मंग."

"काढून टाकतील तुले."

"टाकू द्या. पन या रविवारी माईकवर मीच राहीन, अन् पहिलं रेलाच वाजंन."

"लय जिद्दी आहेस."

"म्हणून तर लोक मले लिहितेत."

माझी बस लागली होती. ती सोडून मी पोस्टात गेलो. बायको धानाच्या रोवणीला म्हणायची त्या गाण्याची पहिली ओळ कार्डावर लिहिली आणि रिनाच्या नावाने पेटीत टाकली.