दाढ गप झाली तवा

दाढ दुखायची थांबली म्हणून खूश होऊ नका, आमच्या आप्पा चुलत्याचं ऐका. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी आप्पांना रूट कॅनल सांगितलं, आन् चार दिवसांत ठणका आपोआप गेला. "बरी झाली," म्हणत आप्पांनी महिनाभर दातांनी ऊस सोलला. शेवटी मीच बळंच नेलं.

बाईंनी एक्स-रे दाखवला. "आप्पा, दाढ बरी नाही झाली. आतली नस मेलीय, म्हणून दुखत नाही. खाली पू होऊन हाडाला भोक पडलंय."

आप्पा बघतच राहिले. "हे भोक मी पाहिलंय. इनामगावात आमच्या वावरात नांगराला जुनी कवटी लागली व्हती. तिच्या जबड्याला हितंच व्हतं, ह्याच दाढंखाली."

आप्पांनी गालावरून दाढ चाचपली. मग हळूच म्हणाले, "त्यालाबी वाटलं असंल, बरी झाली."