पानावर काहीच नव्हतं

पायाचं प्लास्टर काढायला आलेली शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावर बसली होती. शेजारी दोन लिफ्ट मेकॅनिक होते, पिकल्या मिशांचे काका आणि एक तरुणी. दोघांच्या हातांना ग्रीस तसंच होतं; त्यांच्या सोबतच्या मुलाचा हात लिफ्टखाली सापडला होता, त्याला आत नेलं होतं. बाईने मासिकात डोकं घातलं, पण कान तिकडेच.

"काका, मेन स्विच बंद केला तरी ती लिफ्ट हातभर खाली सरकते, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या जातीची प्रत्येक जुनी लिफ्ट सरकते. आधी खाली ठोकळा लावायचा असतो."

"मग आपल्या मोबाइलवरच्या विकीवर का नाही लिहिलंत? सगळ्या मेकॅनिकांनी मिळून लिहायचं म्हणून तर ते काढलं. वर्षभर तुमच्या मागे लागलेय मी."

"त्याने मला विचारायचं होतं. फोन आहे की माझ्याकडे."

"त्याने सकाळी विकी उघडून बघितलं. त्या लिफ्टच्या पानावर काहीच नव्हतं, म्हणून तो बिनधास्त लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला."

"सगळंच लिहून ठेवलं, तर मला म्हाताऱ्याला कोण विचारणार गं?"

आतून नर्स आली.

"हात वाचला. दोन बोटं मात्र गेली."

शिंपीणबाईची मूठ नकळत मिटली. काका तरुणीकडे वळले.

"काढ तुझा मोबाइल. मी सांगतो, तू लिही."

"सांगा."

"आधी ठोकळा लावा, मगच खाली उतरा."

"लिहिलं. तुमचं नाव घालू?"

"घाल. आणि पुढे लिही, हे मला अकरा वर्षांपासून ठाऊक होतं."