पलंगावरून व्हीलचेअरवर

मी खाली सही करणारी, वय ६४ वर्षे, धंदा निवृत्त शाळाशिक्षिका, राहणार फिजिओथेरपी कॉलेजच्या मागील गल्ली, समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पतीसह राहते. मुलगा वेगळा राहतो.

सदर कॉलेजात विद्यार्थ्यांना रुग्ण पलंगावरून व्हीलचेअरवर बसवायला शिकवतात. खऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी खोट्यावर सराव व्हावा म्हणून आम्ही दोघे तिथे जातो. पती डावी बाजू लुळी पडलेले रुग्ण होतात, मी त्यांची कटकटी बायको. आमची ओळखही तरुणपणी नाटकातच झाली, हे विचारल्यावरून सांगते.

काल सकाळी सरावासाठी एका विद्यार्थिनीचा नंबर होता. तिने व्हीलचेअरचे ब्रेक लावले. पतींच्या कमरेला पट्टा बांधून तो ओढून पाहिला. त्यांना उभे करताना ती थांबली. म्हणाली, "काका, चेहरा उतरलाय तुमचा. चक्कर येतेय का? परत बसवते."

पती म्हणाले, "हिच्याकडे बघून चाळीस वर्षं येतेच आहे की!"

वर्ग हसला. मीही ठरल्याप्रमाणे ओरडले, "अगं, किती वेळ लावशील? उचल की आता!"

तरी ती त्यांना पुन्हा पलंगावर टेकवतच होती. तेवढ्यात पतींनी मला हाक मारली. नाटकातल्या नावाने नव्हे, घरातल्या. ते नाव ते चारचौघांत कधी घेत नाहीत. ते येथे लिहू नये अशी मी विनंती केली, ती मान्य झाली.

मी धावले. मध्ये घुसून त्यांचा दंड ओढला. मुलगी म्हणाली, "काकू, सोडा! मी धरलंय त्यांना!" मी सोडला नाही. त्यामुळे तिचा तोल गेला आणि पतींचे डोके पलंगाच्या कठड्यावर आपटले. तेव्हाही पट्टा तिच्या हातात होता. वर्गाला हे नाटकच वाटले. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

पती अद्याप शुद्धीवर आलेले नाहीत.

मुलाने विद्यार्थिनीविरुद्ध निष्काळजीपणाची तक्रार दिली आहे. तो तेथे हजर नव्हता. आज घरून निघताना तो म्हणाला, "आई, तू फक्त 'आठवत नाही' एवढंच सांग. बाकी मी बघतो." मला सर्व आठवते. त्या विद्यार्थिनीने काहीही चुकीचे केले नाही. कॉलेजने तिला घरी बसवले आहे, तिला परत घ्यावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. 'ओढला' ऐवजी 'आधार दिला' असे लिहू का, म्हणून हवालदारसाहेबांनी हळूच विचारले. मी नको म्हटले. आहे तो बरोबर आहे.