लढाईचा महिना भरला नाही

दिवाळीच्या बोनसचं कौतुक मला सांगू नका. आम्ही लढाईचा बोनस घेतलाय, तोही साहेबाच्या घशात हात घालून.

एकाहत्तर साली मी नगरजवळ तोफगोळे भरायच्या कारखान्यात होतो. लढाई पेटली तसं साहेबानं सांगितलं, "लढाई चालेल तोवर दर महिन्याला बोनस." माझ्या शेजारी काम करणारा सखाराम पारनेरकडचा. त्यानं त्याच आठवड्यात बाजारात म्हशीचा इसार देऊन टाकला.

आणि लढाई पंधरवड्यात संपली! सगळं नगर पेढे वाटत होतं, सखाराम तेवढा सुतकात. म्हैस गेली तर इसारही बुडणार होता.

पगाराला बोनस आला नाही. आम्ही साहेबासमोर जाऊन उभे राहिलो.

साहेब म्हणाला, "लढाईचा महिना कुठं भरला? नियमात बसत नाही."

सखाराम म्हणाला, "सायेब, आमी गोळं ठासून भरलं, म्हनून तर लवकर उरकली. आदी सांगायचं हुतं. महिना पुरंल असं भरलं असतं."

साहेब हसला नाही. बोनस मात्र मिळाला, म्हैसही दारात आली. आणि तेव्हापासून सखारामनं भरलेला एकेक गोळा साहेब स्वतः तपासायला लागला.